वॉर्डात गेल्यावर पदवी कुठे जाते? बीएस्सी नर्सिंग झालेल्यांना आपला पेशा कसा दिसतो

गेल्या वर्षी माझ्या वडिलांचं पोटाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या रात्री मी त्यांच्या कॉटशेजारी स्टुलावर बसून होतो. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९४ चा आकडा होता, बीपी ठीक होतं, पण बाबा अस्वस्थ होते. दोनच्या सुमारास ड्युटीवरची सिस्टर आली. बीपी घेतलं आणि मग हातातल्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट नुसती त्यांच्या छातीकडे पाहत उभी राहिली. मला वाटलं, झोप आली असेल बिचारीला.

ती श्वास मोजत होती. मिनिटाला २८.

तिने डॉक्टरांना फोन केला. कोणी आलं नाही म्हणून पुन्हा केला. मग ऑक्सिजन, एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या, आणि पहाटे आम्ही आयसीयूच्या दाराबाहेर. फुप्फुसात संसर्ग सुरू झाला होता. वेळेत कळला, असं नंतर डॉक्टर म्हणाले.

डिस्चार्ज कार्डावर पाच डॉक्टरांची नावं होती. तिचं नव्हतं. बिलात मात्र एक ओळ होती, ‘नर्सिंग चार्जेस’, दर दिवसाच्या हिशेबाने.

माझी मामेबहीण बीएस्सी नर्सिंग झाली आहे. तिला हे सगळं सांगितलं तर तिने एकच विचारलं, “दादा, तिचं नाव विचारलंस का?” विचारलं नव्हतं. सहा दिवस आम्ही सगळे नुसतं ‘सिस्टर, सिस्टर’ करत होतो.

त्या प्रश्नावरून ही स्टोरी सुरू झाली. मामेबहिणीच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये ती धरून सात जण आहेत, सहा मुली आणि एक मुलगा. पदवी मिळून त्यांना दोन वर्षं झाली. त्यांच्याशी मी काही रविवार फोनवर बोललो. बहुतेक जण अजून नोकरीत आहेत, म्हणून नावं आणि रुग्णालयं इथे दिलेली नाहीत. सात जण म्हणजे सर्वेक्षण नव्हे, हेही आधीच सांगतो. पण ते जे बोलतात त्याला पन्नास वर्षांच्या संशोधनाचा आणि आपल्याकडच्या काही सरकारी कागदांचा आधार आहे.

नर्सिंगची पदवी म्हणजे नेमकं काय?

आपल्याला सगळ्या ‘सिस्टर’ सारख्याच दिसतात, पण शिक्षणाच्या वाटा वेगळ्या आहेत. एएनएम दोन वर्षांचा अभ्यासक्रम, जीएनएम हा तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि बीएस्सी नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. जीएनएम झालेल्यांना पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतो, त्यानंतर एमएस्सी. महाराष्ट्रात बीएस्सीला सीईटी द्यावी लागते, पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी केल्याशिवाय काम करता येत नाही.

पदवी हा काही अलीकडचा प्रकार नाही. भारतात नर्सिंगची बीएस्सी १९४६ मध्येच दिल्ली आणि वेल्लोर इथे सुरू झाली. म्हणजे ती स्वातंत्र्यापेक्षा एक वर्षाने मोठी आहे.

चार वर्षांत काय शिकवतात? शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, बालरोग, मनोरुग्ण, प्रसूती, सामुदायिक आरोग्य, शिवाय संशोधन आणि संख्याशास्त्र. पण या सगळ्याच्या मध्यभागी एक गोष्ट असते, ‘नर्सिंग प्रोसेस’. रुग्णाची पाहणी करायची, त्याची अडचण ओळखायची, योजना आखायची, ती अमलात आणायची आणि उपयोग झाला का ते तपासायचं. यातली दुसरी पायरी ‘नर्सिंग डायग्नोसिस’. डॉक्टरांचं निदान असतं न्यूमोनिया. नर्सचं निदान असतं, या माणसाला टाके दुखतात म्हणून तो खोकत नाही, खोकत नाही म्हणून कफ साठतोय. औषध डॉक्टर लिहितील, पण पोटावर उशी दाबून खोकायला शिकवायचं, दोन-दोन तासांनी बसतं करायचं, श्वास मोजायचे, हा निर्णय नर्सचा.

आठ सेमिस्टर हेच शिकवलं जातं. नर्सने विचार करायचा असतो, असं.

आणि मग ते पहिल्या नोकरीवर जातात.

‘रिअॅलिटी शॉक’ म्हणजे काय?

हा शब्द माझा नाही. अमेरिकेतल्या मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्ये नर्सेस नोकरी का सोडतात यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘रिअॅलिटी शॉक’. कॉलेजात शिकवलेली मूल्यं आणि रुग्णालयात ज्याला किंमत असते ते काम, यांच्यात इतकं अंतर असतं की नवी नर्स हादरते, असं त्यांचं म्हणणं. आधी काही दिवस सगळं छान वाटतं, मग धक्का, मग हळूहळू सावरणं आणि शेवटी कसली तरी तडजोड. पुढे १९८४ मध्ये पॅट्रिशिया बेनर यांनी नवशिकी नर्स तज्ज्ञ होईपर्यंतचे पाच टप्पे मांडले. त्यातला आपल्या कामाचा मुद्दा हा की पुस्तकी नियमांपासून अनुभवी नजरेपर्यंतचा प्रवास काही वर्षांचा असतो आणि त्यात सोबत लागते. कोणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं.

माझ्या सात जणांपैकी पाच जणांना असं कोणी मिळालं नाही. एकीला तर नोकरीच्या चौथ्या दिवशी नाइटला एकटीला वॉर्ड दिला. अठरा पेशंट, एक मावशी आणि ती. रात्रभर तिला एकच भीती होती की इंजेक्शनं कुणाची कुणाला जातील. सकाळी हँडओव्हर देऊन घरी आली आणि आईला म्हणाली, “मला हे जमणार नाही.” चारच महिन्यांपूर्वी ती कॉलेजात पहिली आली होती.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचे निकष असे आहेत : शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक, आयसीयूत एका रुग्णामागे एक. हे आकडे मी ग्रुपवर टाकले तेव्हा उत्तरात फक्त हसण्याचे इमोजी आले. ‘आम्ही पेपरात लिहून मार्क मिळवलेत याच्यावर,’ असं एकीने नंतर लिहिलं.

अठरा रुग्णांना सहा-सात तासांच्या शिफ्टमध्ये काय देता येतं? गणित सोपं आहे. माणशी वीस-बावीस मिनिटं. त्यातच औषधं, सलाइन, ड्रेसिंग, नवं अॅडमिशन, डिस्चार्ज, राउंडला डॉक्टरांमागे फिरणं, इंडेंट, आणि लिहिणं. लिहिणं भयंकर वाढलंय. मान्यता टिकवायला रुग्णालयाला कागद लागतात आणि ते कागद नर्स भरते. केअर प्लॅनही भरला जातो. सातपैकी चौघांनी कबूल केलं की तो ड्युटी संपताना एका बैठकीत, सगळ्या रुग्णांचा मिळून भरला जातो. कॉलेजात जी विचार करायची पद्धत होती, ती वॉर्डात रकाने भरायची पद्धत होते.

मी स्वतः मेकॅनिकल इंजिनीअर आहे. पदवी एकीकडे आणि काम दुसरीकडे, हा प्रकार माझ्या बॅचला नवा नाही. पण इंजिनीअरची पदवी वाया गेली तर तो बातम्या लिहायला लागतो, फार तर. इथे तसं नाही. श्वासांचा वेग निरोगी मोठ्या माणसात मिनिटाला १२ ते २० असतो. ब्रिटनमध्ये २०१२ पासून वापरात असलेल्या धोक्याच्या गुणपद्धतीत २५ किंवा त्याहून जास्त वेगाला सर्वाधिक, म्हणजे तीन गुण मिळतात. तो मोजायला कुठलंही यंत्र लागत नाही, एक मिनिट लागतं. वीस मिनिटांतलं ते एक मिनिट पहिलं कापलं जातं आणि तक्त्यावर अंदाजे ‘२०’ लिहिलं जातं. बाबांच्या वेळी ते कापलं गेलं नाही, एवढाच काय तो योगायोग.

तयारी कॉलेजातच कमी पडते का?

पडते, आणि हे तेच सांगतात. बीएस्सीच्या कॉलेजला स्वतःचं १०० खाटांचं रुग्णालय असावं, असा नियम आहे. एकाच्या मते त्यांच्या कॉलेजच्या रुग्णालयातल्या खाटा तपासणीच्या दिवशीच भरलेल्या दिसायच्या. एरवी बसने जिल्हा रुग्णालयात पोस्टिंगला जायचं, तिथे चार कॉलेजांचे विद्यार्थी एका वॉर्डात. एका कॅथेटरभोवती बारा जण. मग लॉगबुकात सह्या घ्यायच्या. उलट सरकारी कॉलेजांतली मुलं पहिल्या वर्षापासून वॉर्डात राबतात. हात बसतो, पण अभ्यासाला वेळ उरत नाही. दोन्हीकडची मुलं दुसऱ्याचा हेवा करतात.

कॉलेजांची संख्या वाढते आहे. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नव्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ नर्सिंग कॉलेजांची घोषणा झाली. शिकवणाऱ्यांचं काय, हा प्रश्न सात जणांपैकी एकीला रोज पडतो, कारण तीच आता एका खासगी कॉलेजात ट्यूटर आहे. एका वर्षाचा वॉर्डाचा अनुभव घेऊन ती मुलींना वॉर्ड शिकवते आहे.

पगाराचं नेमकं गणित काय?

सरकारी नोकरी मिळाली तर चित्र वाईट नाही. सातव्या वेतन आयोगानुसार केंद्राच्या रुग्णालयांत नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होतं, राज्यात अधिपरिचारिकेचं ३५,४०० पासून. वर भत्ते.

खासगीत? मामेबहिणीचा पुण्यातला पहिला पगार हातात १६,५०० रुपये होता. राहायला मैत्रिणींबरोबर खोली, खानावळ, बस. घरी पाठवायला काही उरायचं नाही, उलट मामाच कधी कधी पाठवायचा. चार वर्षांच्या फीसाठी त्याने सोसायटीचं कर्ज काढलंय. आणखी एकीला तर दोन वर्षांचा बॉण्ड होता आणि मूळ प्रमाणपत्रं रुग्णालयाच्या एचआरच्या कपाटात होती.

याच प्रश्नावर नर्सेसची राष्ट्रीय संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये केंद्राला तज्ज्ञांची समिती नेमायला सांगितलं. समितीच्या शिफारशी अशा : २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयाने त्या राज्यातल्या सरकारी नर्सइतकाच पगार द्यावा. १०० पेक्षा जास्त खाटा असतील तर फार तर १० टक्के कमी. ५० ते १०० खाटा असतील तर फार तर २५ टक्के कमी. आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या छोट्या रुग्णालयातही २० हजारांच्या खाली नाही.

केंद्राने त्या राज्यांकडे पाठवल्या. केरळात नर्सेसनी मोठं आंदोलन केलं आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने खासगी रुग्णालयांसाठी किमान वेतनाची अधिसूचना काढली, सुरुवात २० हजारांपासून. बाकी बहुतेक ठिकाणी शिफारस ही शिफारसच राहिली. माझ्या सातपैकी एकालाही ती समिती झाल्याचं ठाऊक नव्हतं. मामेबहिणीच्या रुग्णालयात २०० हून जास्त खाटा आहेत. तिने शिफारशीचा आकडा आणि आपला पगार शेजारी शेजारी लिहून मला स्क्रीनशॉट पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं.

यात पदवीधरांचं म्हणून एक वेगळं दुखणं आहे. जीएनएम आणि बीएस्सी, दोघांना वॉर्डात पद एकच, काम एकच. खासगीत पगारातला फरक हजार-दोन हजारांचा, कधी तेवढाही नाही. मामेबहिणीचं यावरचं मत मला आवडलं, कारण ते सोयीचं नव्हतं. ती म्हणते, “जीएनएमच्या ताईंचा हात आमच्यापेक्षा चांगला असतो, पहिल्या वर्षी त्यांनीच मला सांभाळलं. त्यांना कमी द्या असं मी म्हणणार नाही. पण मग आम्हाला चौथं वर्ष कशासाठी शिकवलं, ते कुणीतरी सांगा.”

‘सिस्टर’ या शब्दात बिघडलं काय?

काहींना तो आवडतो. एक जण म्हणाली की म्हातारी माणसं ‘सिस्टर’ म्हणतात तेव्हा त्यात माया असते. प्रश्न शब्दाचा कमी, हाक मारण्याच्या पद्धतीचा जास्त. ग्रुपमधला मुलगा सांगतो की एकाच वॉर्डात, एकाच गणवेशात, नातेवाईक त्याला ‘डॉक्टर’ म्हणतात आणि त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी सीनियर असलेल्या नर्सला ‘ओ सिस्टर, सलाइन संपलं’. तो ‘मी डॉक्टर नाही’ म्हणाला की दुसरा अंदाज वॉर्डबॉय. ‘ब्रदर’ म्हणजे काय हे अनेकांना ठाऊकच नसतं. एम्सच्या भरतीत ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना आहेत, त्यामुळे त्याची स्पर्धाही वेगळी. प्रसूतीशास्त्राचा पेपर त्याला मुलींइतकाच द्यावा लागला. लेबर रूममध्ये मात्र तो पोस्टिंगच्या दिवसांतही बहुतेक वेळ दाराबाहेर होता.

आपली भाषाही यात थोडी सामील आहे. परिचारिका, अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका. ही मराठीत रुळलेली पदांची शिडी. सगळे शब्द स्त्रीलिंगी, आणि मेट्रनपर्यंत चढलं तरी शेवटी ‘सेविका’. केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘स्टाफ नर्स’चं ‘नर्सिंग ऑफिसर’ केलं. सात जणांना हे नाव मनापासून हवं आहे. मला आधी वाटलं, नावाने काय होतं. मग आठवलं की माझ्या बॅचच्या मुलांनी ‘ट्रेनी’चं ‘असोसिएट इंजिनीअर’ झाल्यावर पार्टी केली होती.

डॉक्टरांबद्दल बोलताना मात्र सगळे जपून बोलतात. तक्रार अपमानाची कमी आहे, दखल न घेण्याची जास्त. राउंडला नर्सला रुग्णाबद्दल विचारलं जात नाही. रात्रभर तिने पाहिलेलं असतं, सकाळी विचारतात फाइलला. ‘आम्ही सांगितलं की ऑर्डर बदलते, पण बदलली ती सरांनी, असं असतं,’ हे वाक्य जवळपास याच शब्दांत तिघींनी सांगितलं. ज्या दोन ठिकाणी डॉक्टर राउंडमध्ये ‘सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?’ विचारतात, तिथल्या दोघींना नोकरी सोडायची नाही. पगार तिथेही जेमतेम आहे.

सुरक्षिततेचं काय?

मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्याच एका कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. मे २०१५ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत, चार दशकांहून जास्त काळ, केईएमच्या नर्सेसच्या एकामागून एक बॅचेस त्यांची काळजी घेत राहिल्या. २०११ मध्ये दयामरणाच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. नर्स रुग्णाला सगळ्यात जवळून ओळखते, हे यापेक्षा स्पष्ट कुठे लिहिलं गेलं असेल असं मला वाटत नाही.

सात जणांपैकी प्रत्येक मुलीला ही गोष्ट ठाऊक आहे, आणि प्रत्येकीच्या आईलाही. डॉक्टर व कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याचा २०१० चा कायदा नर्सेसना आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनाही लागू आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. रोजच्या पातळीवर प्रश्न साधे आहेत. रात्री आठला ड्युटी संपल्यावर हॉस्टेलपर्यंत कसं जायचं. वॉर्डातल्या कपडे बदलायच्या खोलीला कडी आहे का.

मग ते जातात कुठे?

सात जणांचा आजचा हिशेब असा. मामेबहीण आयसीयूत. एक ट्यूटर. मुलगा एम्सच्या ‘नॉरसेट’ परीक्षेच्या दुसऱ्या प्रयत्नात, कोटाच्या मुलांसारखा दिवसाचे दहा तास अभ्यास करतो. एकीला सरकारी रुग्णालयात नोकरी लागली. एक हिंजवडीत मेडिकल कोडिंगच्या कंपनीत, एसीत, शनिवार-रविवार सुट्टी. म्हणजे नर्स आयटी पार्कात आणि इंजिनीअर तिच्यावर लेख लिहितोय.

उरलेल्या दोघींवर जरा थांबायला हवं.

एक मराठवाड्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे, म्हणजे सीएचओ. ही सगळ्यांत समाधानी. बीपी-शुगरची तपासणी, गरोदर बायका, कुणाला इथेच औषध द्यायचं आणि कुणाला पुढे पाठवायचं, हे ती ठरवते. गावात तिला ‘मॅडम’ म्हणतात. चार वर्षांत शिकलेलं सगळ्यात जास्त कुठे वापरलं जातं असं विचारल्यावर, पाच मजली रुग्णालयांतल्या सगळ्यांनी या एका खोलीच्या उपकेंद्राकडे बोट दाखवलं. पण ती कंत्राटी आहे, दरवर्षी मुदतवाढीची वाट बघते. कंत्राटी आणि बाह्यस्रोत भरतीच्या विरोधात राज्यातल्या सरकारी परिचारिका मे २०२२ मध्ये संपावर गेल्या होत्या, तो प्रश्न अजून तिथेच आहे.

दुसरी जर्मन शिकते. आखातात जायचं तर प्रोमेट्रिक, अमेरिकेला एनक्लेक्स, ब्रिटनला इंग्रजीची परीक्षा आणि मग त्यांची कौशल्य चाचणी. जर्मनीला साधारण बी-२ पातळीची भाषा लागते. महाराष्ट्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, तेव्हापासून जिल्ह्याच्या गावांतही क्लासेसच्या पाट्या लागल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात जवळपास तीन कोटी नर्सेस आहेत, तरी ५८ लाखांची कमतरता आहे, आणि दर सात नर्सेसपैकी एक जण जन्माने दुसऱ्या देशातली आहे. ही मागणी खोटी नाही.

एक गोष्ट मात्र क्लासवाले सांगत नाहीत. आपल्याकडे रुग्णाला अंघोळ घालणं, भरवणं, बेडपॅन देणं हे नातेवाईक आणि मावशी करतात. जर्मनीत नातेवाईक वॉर्डात राहत नाहीत आणि हे सगळं नर्सचंच काम असतं. तिथे नर्सिंग हे मुख्यत्वे तीन वर्षांचं व्यावसायिक प्रशिक्षण आहे, पदवी कमी जणांकडे असते. म्हणजे ‘माझ्या पदवीला इथे किंमत नाही’ म्हणून जाणारी मुलगी अशा देशात जाते जिथे पदवी लागतच नाही. हे मी तिला विचारलं. तिला ठाऊक होतं. “पण तिथे ते काम करणाऱ्याला माणूस समजतात असं ऐकलंय,” ती म्हणाली, “आणि मामांचं कर्ज फिटेल.” तिच्या फीसाठीही तिच्या मामाने पैसे दिले होते. ग्रुपमधल्या किती जणांच्या पदव्यांमागे असा एखादा मामा आहे, ते मोजायचं राहून गेलं.

पदवीने रुग्णाला खरंच फरक पडतो का?

रुग्णालयाच्या मालकाने विचारावा असा हा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर उपलब्ध आहे. लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या नऊ देशांतली ३०० रुग्णालयं आणि शस्त्रक्रिया झालेले चार लाखांहून अधिक रुग्ण अभ्यासले. निष्कर्ष २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. नर्समागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की ती ७ टक्क्यांनी घटलेली दिसली. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, युरोपातला आहे, आपल्या जिल्हा रुग्णालयाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी एक गोष्ट कळते : पदवीधर नेमून तिच्याकडे पंचवीस रुग्ण दिले, तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

बदलतंय का काही?

कागदावर, हो. १९४७ च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा आला. शिक्षण, कॉलेजांचं मूल्यमापन, आणि नोंदणी व आचारसंहिता यांसाठी स्वतंत्र मंडळं त्यात आहेत. त्याआधीच अतिदक्षता विभागासाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला आहे. मामेबहिणीला तो करायचाय. तिने चौकशी केली तर तिच्याच रुग्णालयातून उत्तर मिळालं, की करून ये, पण तसं पद आमच्याकडे नाही.

बाबांच्या मेडिक्लेमसाठी गेल्या महिन्यात फाइलची पूर्ण प्रत काढली. नर्सेस नोट्सच्या पानावर त्या रात्रीची नोंद सापडली, निळ्या पेनने, बारीक अक्षरात. श्वास २८, डॉक्टरांना कळवलं २.१०. पुन्हा कळवलं २.१५. खाली सही, नाव वाचता येत नाही.

पानाचा फोटो मामेबहिणीला पाठवला आणि विचारलं, ही बीएस्सी असेल का? ती नाइटला होती, उत्तर सकाळी आलं.

“बीएस्सी की जीएनएम, ते यावरून नाही कळत दादा. पण दोनदा कळवलं ते वेळेसकट लिहून ठेवलंय. हुशार आहे.”